मणिभाईंची गाय

राजगडाच्या पाली दरवाजाखालीं वसलेल्या आमच्या पाली गांवांत गाय पाळीत आले ती दुधापेक्षां बैलासाठींच. अंगानें लहान, डोंगर चढून पोट भरणारी, पावसांत तग धरणारी ही गाय दूध मात्र वासरूं पिऊन उरेल तेवढेंच देते. वसुबारसेला तिची पूजा घरोघर होते. तिच्या वैरणीची चौकशी तितक्याच आस्थेनें होते, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

पूजा आणि वैरण यांतील हें अंतर ज्यांनीं ओळखलें, ते मणिभाई देसाई आमच्याच पुणें जिल्ह्यांत, उरुळीकांचन येथें, राहिले. १९४६ सालीं गांधीजी निसर्गोपचाराच्या कार्यासाठीं तेथें आले. त्यांच्या मागें काम सांभाळण्यास सुरतेकडील हा तरुण पदवीधर जो राहिला, तो १९९३ सालीं निधन होईपर्यंत उरुळीचाच झाला. प्रथम त्यांनीं गीर गाईंचा कळप जोपासला. पुढें १९६७ सालीं ‘बाएफ’ ही संस्था स्थापिली आणि जर्सी, होल्स्टिन अशा वळूंचें गोठविलेलें वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याची व्यवस्था लाविली. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनांत तें वर्षानुवर्षें टिकतें.

गांधीजींच्या अनुयायानें परदेशी वळूंकडे वळावें, हें आम्हांस आजही थोडें खटकतें. पण उत्तम वळू पोसणें दोन गुरांच्या धन्याला कसें परवडावें? वळू दारीं न बांधतां त्याचा वंशगुण गरिबाच्या गोठ्यांत आणला, हीच मणिभाईंची खरी करामत. १९८२ सालच्या मॅगसेसे पुरस्कारापेक्षांही आम्हांस ती मोठी वाटते.

मात्र उरुळीकडे कालव्याचें पाणी आणि उंसाचें वाढें. आमच्याकडे चार महिने मुसळधार पाऊस, नंतर वाळलेलें गवत. संकरित गाईला हिरवी वैरण भरपूर लागते, ओल्या गोठ्यांत गोचिडांनीं ती लवकर खंगते. शिवाय तिच्या गोऱ्ह्याला वशिंड बेताचेंच, मग जूं टेकावें कशावर? भातखाचरांत हा प्रश्न लहान नव्हे.

आमच्या शेजारणीच्या गोठ्यांत सध्यां दोघी आहेत. संकरित गाय दुधासाठीं, गांवठी बैलासाठीं. श्रावणांत पहिलीला रोज संध्याकाळीं कडुलिंबाची धुरी. दुसरीचें दावें सोडलें कीं ती डोंगराकडे चालूं लागते. चैत्रांतली वैरण दोघींनाही विकतचीच.