अयूब, याह्या आणि आपली गावं

सातारा

ती. दादास,


खुर्ची डळमळू लागली की हुकूमशहा लोकांचं लक्ष वळवायला लढाई काढतो, असं तू लिहिलंस. दाखला दिलास अर्जेंटिनाच्या गाल्तिएरीचा, आणि तो चपखल आहे. ३० मार्च १९८२ला ब्युनोस आयर्समध्ये कामगार त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. २ एप्रिलला फौजा फॉकलंडवर उतरल्या आणि त्याच शहरात जयजयकार झाला. १४ जूनला शरणागती, पाठोपाठ गाल्तिएरी घरी.

पण ज्याची झळ आपल्याला बसली, तो पाकिस्तानचा अयूब खान या हिशेबात बसत नाही. जानेवारी १९६५मध्ये फातिमा जिनांना हरवून तो पुन्हा अध्यक्ष झाला होता. मतदार होते अवघे ऐंशी हजार निवडक लोक, त्यामुळे निवडणूक कसली ते उघड आहे. पण खुर्ची शाबूत होती. तरी ऑगस्टमध्ये त्यानं काश्मिरात घुसखोर धाडलेच. काश्मिरी उठतील, हे गृहीत धरलेलं. भारत आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही, ही त्याचे परराष्ट्रमंत्री भुट्टो यांची खात्री. खुद्द पाकिस्तानी हवाई दलालाही पुरतं विश्वासात घेतलं नव्हतं. प्रत्यक्षात गुलमर्गच्या बाजूला मोहम्मद दीन नावाच्या गुराख्याला हे परके लोक भेटले आणि त्यानं सरळ जाऊन पोलिसांना खबर दिली. ६ सप्टेंबरला आपलं सैन्य लाहोरच्या रोखानं निघालं. जी गोष्ट एका गुराख्याला दिसली, ती अयूबला सांगणारं दरबारात कुणी नव्हतं. मला भीती वाटते ती याची.

आता आपल्याकडे बघ. संरक्षणमंत्री होते आपल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण. सरकार काही भक्कम नव्हतं: धान्याची टंचाई, मद्रासकडे हिंदीविरोधी आंदोलन, लोकसभेत अविश्वासाचे ठराव. लक्षच वळवायचं असतं तर एप्रिलमध्ये कच्छच्या रणात पंतप्रधान शास्त्रीजींना आयतं निमित्त चालून आलं होतं. त्यांनी ३० जूनला युद्धबंदी मान्य केली, वाद लवादाकडे सोपवला आणि त्याबद्दल झालेली टीका सोसली. अयूबला तो दुबळेपणा वाटला. मला ती मोठी ताकद वाटते. टीका सोसूनही सरकार टिकू शकतं हे ज्याला ठाऊक आहे, तोच माघार घेऊ शकतो. आणि वेळ आली तेव्हा, १ सप्टेंबरला छांबमध्ये रणगाडे घुसले, त्या दुपारीच यशवंतरावांनी हवाई दलाला परवानगी दिली.

तुझ्या म्हणण्याच्या जवळ येतो तो अयूबनंतर सत्तेवर आलेला याह्या. डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या शेख मुजीबना स्पष्ट बहुमत मिळालं. ते मान्य करायचं सोडून २५ मार्चला त्यानं स्वतःच्याच प्रजेवर फौज सोडली. चहूबाजूंनी अडकल्यावर ३ डिसेंबरला भारताच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. याला मी लक्ष वळवणं म्हणणार नाही. मागे फिरायच्या सगळ्या वाटा त्यानं आपल्या हातानं बंद केल्या होत्या.

त्याची किंमत कुणी मोजली? पूर्व पाकिस्तानात जमालपूरला आपली पहिली मराठा, जंगी पलटण, वेढा घालून बसली होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली. पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमदनं उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. दुसऱ्या रात्री वेढा फोडताना त्याची माणसं मराठ्यांच्या माऱ्यात सापडली आणि ढिगानं मेली. आपलेही गेले. दहा दिवसांत याह्याची खुर्चीसुद्धा गेली. दोन्हीकडची ती पोरं शेतकऱ्यांचीच, दादा. आपल्या अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. एका गावातले ४६! त्यांतल्या एकालाही ती लढाई का सुरू झाली हे कुणी विचारलं नव्हतं की सांगितलं नव्हतं.

म्हणून हुकूमशहाच्या मनात काय आहे, हे शोधत बसण्यात मला फारसा रस नाही. पुढच्या पत्रात गाल्तिएरी नको, याह्याबद्दल लिही. मार्च ते डिसेंबर, या नऊ महिन्यांत त्याला 'थांब' म्हणू शकेल अशी एक तरी जागा रावळपिंडीत होती का? मला तरी सापडत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण