मोडीत न गेलेला अडकित्ता

आमच्या सुलतानपुरात लग्नसराईच्या आधी भांडीवाला यायचा. पितळेची मोड घ्यायचा आणि वजनाच्या हिशोबात चकचकीत स्टील द्यायचा. आजीची घंगाळं, तांबे, समई असं एकेक करत सगळं त्याच्या तराजूत गेलं. "कोन घासत बसंन आता?" एवढंच ती म्हणाली. आम्ही पोरं नव्या ताटांत तोंडं बघत होतो.

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो तेव्हा पहिल्याच दालनात ती मोड मला पुन्हा भेटली. समया, पानपुडे, करंडे, पाय घासायच्या वज्र्या. एका वज्रीवर पक्षी बसलेला, आत घुंगरू. टाचेचा मळ काढायच्या वस्तूलाही नाद असावा असं वाटणारा तो कारागीर कोण, हे पाटीवर नव्हतं.

हे सगळं एका घराने जमवलं. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६चा, घरचा धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. जुन्या वाड्यांतून, बाजारांतून, खेड्यापाड्यांतून त्यांनी वस्तू गोळा केल्या, पत्नी कमलाबाई सोबत होत्याच. मुलगा राजा लहानपणीच गेला आणि संग्रहाला त्याचं नाव मिळालं. १९७५ साली हा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वस्तू २० हजारांच्या वर, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच.

कोथरूडहून आणून उभारलेल्या मस्तानी महालापाशी गर्दी थांबते. माझा पाय मात्र अडकित्त्यांच्या कपाटापाशी निघेना. घोड्याचे, मोराचे, जोडप्यांचे. राजेरजवाड्यांचे संग्रह मी पाहिलेत, त्यात डोळे दिपतात. इथे हात ओळखीचे वाटतात. बापाने मुलाचं नाव दिलं ते तलवारींपेक्षा माजघराला जास्त शोभतं, असं मला मनापासून वाटलं.

तिथेच मेहकरचा बालाजी आठवला. आमच्या शेजारचंच गाव. १८८८मध्ये ती काळ्या पाषाणाची मूर्ती जमिनीतून निघाली. इंग्रज ती विलायतेला नेणार अशी कुणकुण लागताच लोकांनी घाईघाईने प्रतिष्ठापना केली, असं सांगतात. मूर्ती राहिली आणि तिला रोज हार मिळतो. लोकांनी तिला आपली म्हटलं म्हणून ती वाचली. आजीच्या घंगाळाला आपलं म्हणणारं तेव्हा आमच्या घरात कोणी नव्हतं, आजीही नव्हती. केळकरांनी मात्र परक्यांच्या घरातल्या वस्तूंना आपलं म्हटलं.

पाट्यांवर वस्तूचं नाव असतं, कुठे गाव, कुठे शतक. ज्या बाईच्या हातात ती झिजली तिचं नाव नसतं. विकत घेताना ते विचारायचं कोणाला सुचणार?

गावी परतल्यावर आईला विचारलं, काही उरलंय का. तिने ट्रंकेतून फडक्यात बांधलेला अडकित्ता काढला. लोखंडी, साधा, एक पाय थोडा वाकलेला. आजीने दुसरबीडहून, माहेराहून आणलेला. मी वहीचं पान फाडलं आणि आजीचं नाव लिहायला घेतलं.

"सासरचं लिहू की माहेरचं?"

आईने थोडा विचार केला. "माहेरचं लिही. अडकित्ता तिकडला हाये."

मग तिने डब्यातली सुपारी घेतली आणि तो अजून चालतो का, ते बघू लागली.