किहीमच्या वाडीतील अभयदान

मांडवा बंदरातून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पश्चिमेस, सुरूच्या रांगा आणि नारळी-पोफळीच्या वाड्या यांच्या आड किहीम वसले आहे. पक्षी-अभ्यासात या गावाला मानाचे स्थान आहे. १९३० मध्ये नोकरीचे पद रद्द झाल्यावर डॉ. सालिम अली पत्नी तहमीना यांच्यासह येथे राहावयास आले. सुगरणीच्या वसाहतीवर लक्ष ठेवताना त्यांना दिसले, की नर अर्धे घरटे विणतो, मादीने ते पसंत केले की पुरे करतो आणि मग दुसरे आरंभतो.

सुगरणीला माणसाकडून काहीच नको असते. पिंजऱ्यांच्या टेम्पोतून जाणाऱ्या पांढऱ्या ब्रॉयलर कोंबडीचे तसे नाही. पर्युषणात एखादे कुटुंब तिला सोडवून वाडीत आणते आणि अभयदान पूर्ण झाले असे मानते. खरे व्रत तेथून सुरू होते.

गावठी कोंबडीला जे वजन गाठण्यास कित्येक महिने लागतात, ते दोन किलोचे वजन ही जात सुमारे सहा आठवड्यांत गाठते. पुढचे आयुष्य तिच्या घडणीत धरलेलेच नाही. पोटभर दाणे मिळत राहिले तर पाय वाकतात, हृदय थकते, पोटात पाणी साचते. शास्त्रकारांनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. या पक्ष्यावर अतिभार बाहेरून लादलेला नाही. तो वंशातच भरलेला आहे. म्हणून तिला जगवायचे तर दाणे मोजूनच द्यावे लागतात. व्यवसायातही पैदाशीच्या कोंबड्यांना मोजकेच खाद्य देतात, अन्यथा त्या टिकत नाहीत. लोभाने अन्न रोखणे हा अतिचार. हितासाठी मात्रा ठरवणे ही जयणा.

उरलेली काळजी साधी, पण रोजची आहे. भाताच्या तुसाचा कोरडा बिछाना, जमिनीलगत बसण्याची जागा, कोकणच्या उकाड्यात सावली आणि भरपूर पाणी, मुंगूस व कुत्र्यांपासून रात्री बंदोबस्त, आठवड्याला वजन आणि तळपायांची तपासणी. कोंबडी कळपाने राहणारी; एकटी ठेवू नये. रविवारी संध्याकाळी मुंबईस परतणाऱ्या कुटुंबाने वाडीवर राहणाऱ्या माणसाला हे सर्व शिकवावे, त्याचा योग्य मोबदला द्यावा आणि जवळचा पशुवैद्यक आधीच पाहून ठेवावा.

दुकानातून विकत घेऊन सोडवण्याविषयी व्यापारी घराला अधिक सांगावयास नको. एक पिंजरा रिकामा झाला, की तीच रक्कम दुसरा भरते. टेम्पोतून पडलेली, कोणी टाकून दिलेली कोंबडी सांभाळणे त्याहून निर्दोष. तिचे आयुष्य काळजीनेही थोडेच ठरू शकते. तरी वाडीतील ओल्या मातीत पाय रोवून ती किडे उकरू लागते, धुळीत लोळते, माणसाची चाहूल लागताच जड पावलांनी पुढे येते. सहा आठवड्यांनंतरचा प्रत्येक दिवस तिला कोणीतरी दिलेला असतो, आणि तो रोज नव्याने द्यावा लागतो.