एक कोरडा जोड

पावसाळ्यात सह्याद्रीतील एखाद्या गडावर मुक्कामास जावयाचे, तर अंग भिजणार हे गृहीतच धरावे लागते. घाटमाथ्यावरचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. पाठीवरच्या पिशवीला बाहेरून आच्छादन घातले, तरी पाठ व पिशवी यांमधून पाणी पाझरत आत उतरतेच. म्हणून माझा भरवसा आतल्या अस्तरावर अधिक. जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी मी आत बसवितो; सामान भरल्यावर हवा दाबून काढतो, तोंड पिळून दुमडतो आणि सुतळीने बांधतो. कपड्यांचा एक जोड व पांघरूण यांना तिच्यातच आणखी एक स्वतंत्र पिशवी असते. काडेपेटी घट्ट झाकणाच्या डबीत राहते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णता वाहून नेते. चालताना शरीर ती झीज भरून काढते. थांबताच हुडहुडी भरते. सुती कापड भिजले की अंगाला चिकटते व ऊब देत नाही. लोकर मात्र आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही उबदार राहते. मावळातील शेतकरी घोंगडीची खोळ पांघरतो, त्यात हेच शहाणपण आहे.

२०११ च्या ऑगस्टमध्ये मी भाच्यासह गुंजवण्याहून राजगड चढलो. पद्मावतीच्या मंदिरात पोहोचेतो अंधार पडला होता. सोळा वर्षांचा तो मुलगा थरथरत होता. दातांवर दात आपटत होते. ही लक्षणे थट्टेवारी नेण्यासारखी नव्हेत. ओले कपडे उतरवून अंग टिपले, कोरडा जोड व लोकरीची टोपी चढविली, गरम गोड चहा पाजला. हळूहळू त्याची थरथर थांबली.

खरी कसोटी सकाळची असते. पाऊस चालूच होता. तोरण्याचा बेत सोडून आम्ही खाली उतरणार होतो. मी त्याला कालचेच ओले कपडे चढविण्यास सांगितले.

“मामा, घरीच तर जायचंय. मग हे कोरडे राहू देत ना अंगावर!”

“वाट लांबली, तर आजची रात्र कुठं पडेल ते कोणी सांगावं? चालताना ऊब येईल. थांबल्यावर मात्र हाच जोड लागेल.”

तो क्षणभर घुटमळला. मग त्याने ओला सदरा अंगात घातला, कोरड्या कपड्यांची घडी पिशवीत सरकविली, तोंड पिळून दुमडले आणि सुतळीची गाठ स्वतःच मारली.