मडगार्ड उचललेली राजदूत

पाऊस लागला की आमच्या गावची काळी माती चाकाला धरायची. गाव पाटोदा तालुक्यातलं. टायर आणि मडगार्डच्या मध्ये चिखल इतका गच्च बसायचा की गाडी जागेवर थांबायची. आमचे आण्णा खाली उतरून काटकीनं तो उकरायचे, दहा पावलं पुढं गेलं की पुन्हा तेच. कॅनमध्ये दूध, आणि बीडात गिऱ्हाईक वाट बघत बसलेलं. राजदूत मोटारसायकल घेतल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात आण्णा बार्शी नाक्यावरच्या मिस्त्रीकडं गेले आणि पुढचा मडगार्ड चार बोटं वर उचलून बसवून घेतला. कंपनीनं दिलेल्या गाडीत आमच्या घरानं केलेला तो पहिला बदल.

मग बदल होतच गेले. मागं दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन अडकवायला लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली. शॉकॉपच्या स्प्रिंगा जाड बसवल्या. मांजरसुंब्याचा घाट भरल्या कॅननिशी उतरायचा म्हणजे सगळा भार ब्रेकवर, कारण टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसं धरून ठेवत नाही. त्यामुळं ब्रेकचे लायनर आण्णा इतरांच्या निम्म्या दिवसांत बदलायचे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळणारी गाडी, तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी साठायची आणि घाट चढताना ती दम टाकायची. अशा वेळी सायलेन्सर सोडवून तुराट्यांच्या जाळात भाजायचा आणि काठीनं ठोकून झाडायचा. त्या जळक्या तेलाचा वास आमच्या गोठ्याच्या भिंतींना वर्षानुवर्षं होता. मला तो अजून आवडतो.

एस्कॉर्ट्स कंपनीनं ही 175 सीसीची गाडी पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतली होती, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. पोलंडात तिच्यावर म्हशीचं दूध कुणी वाहिलं नसेल. आमच्या मातीला, घाटाला आणि धंद्याला ती लागू करून दिली ती मिस्त्री चाचांनी. लिंबाखाली पत्र्याची टपरी, रॉकेलचा ट्रे, त्यात बुडवलेले नट-बोल्ट. आण्णा विचारायचे, "चाचा, टिकंल ना?" चाचा हात पुसत म्हणायचे, "आण्णा, काय बी झालं तर माझ्याकडं घेऊन या." आमची वॉरंटी एवढीच होती. कागद नव्हता, किलोमीटरची अट नव्हती. वेल्डिंग दोनदा तुटलं आणि दोन्ही वेळा चाचांनी पैसे घेतले नाहीत.

1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढं फोर-स्ट्रोक गाड्यांनी सगळा जिल्हा व्यापला. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं पूर्वी बैलगाडीनं निघायची. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसारावर मोटारसायकल बांधलेली दिसते.

माझ्या पुतण्यानं 2022 मध्ये 125 सीसीची नवी गाडी घेतली. एमएच 23 ची कोरी पाटी, हार, नारळ आणि सोबत जादा पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी. दूध त्याच्याकडंही आहे, घाटही तोच, आणि पहाटे चारचा अंधार तर आण्णांच्या वेळचाच. म्हणून त्यानं महिनाभरात हँडलला दोन एलईडी दिवे लावून घेतले. बसवणाऱ्यानं मूळ वायरी कापून जोड दिला आणि काळी टेप गुंडाळली. त्याच फेरीत मोठ्या आवाजाचा सायलेन्सरही आला.

पावसाळ्यात वायरिंग जळलं. शोरूमनं ते वॉरंटीत बसत नाही म्हणून सांगितलं, आणि मला ते पटलं. कापलेल्या जोडात पाणी शिरलं, त्याचा भार कंपनीनं का उचलावा? पण पुढं गिअरबॉक्समधून आवाज यायला लागला, तेव्हाही काउंटरवरचा माणूस म्हणाला, "दिवे बसवलेत ना, तुमची सगळीच वॉरंटी संपली." पुतण्या मान खाली घालून परत आला. मला त्या रात्री झोप लागली नाही. दिव्याच्या वायरीचा आणि गिअरच्या बेअरिंगचा संबंध काय?

मी वॉरंटीची पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली. इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन, केबल हे झिजणारे भाग वगळलेले. सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी आणि ठरल्या मुदतीत हवं. बदलामुळं झालेला बिघाड वगळलेला. 'बदलामुळं झालेला' हे शब्द मी पेन्सिलीनं अधोरेखित केले. दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये जाऊन एवढंच म्हणालो, "नकार लेखी द्या आणि कुठल्या कलमाखाली तेही लिहा." आठवड्यानं गिअरबॉक्स उघडला गेला आणि बेअरिंग फुकट बदलून मिळालं. मिळालं नसतं तर मी बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि गाडीला मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही लागत नाही. आमच्याकडचे शेकडो दूधवाले तरुण काउंटरवरचा एक शब्द ऐकून परत फिरतात. ही पुस्तिका मराठीत छापली पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

सायलेन्सरच्या बाबतीत मात्र मी पुतण्याची बाजू घेतली नाही. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत धूर जातो त्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात प्राणवायू किती उरला ते तो सांगतो आणि त्यावरून इंजिनाचा छोटा संगणक पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. मोकळा सायलेन्सर लावला की हा हिशेब चुकण्याची शक्यता असते. मिश्रण पातळ पडलं तर इंजिन तापतं, आणि असा बिघाड वॉरंटीत बसत नाही. शिवाय मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षी कायदा बदलला आणि प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. आण्णांची राजदूत आज रस्त्यावर काढली तर पहिल्याच नाक्यावर अडेल. याचं मला वाईट वाटतं, कारण त्या गाडीतला एकही बदल मिरवायला केलेला नव्हता.

"काका, मग अंधारात जाऊ का?" पुतण्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. दिवे पुन्हा बसवण्याआधी त्यानं शोरूममध्ये लेखी विचारलं. कंपनीचेच दिवे, कंपनीच्याच कप्लरनं, एकही वायर न कापता बसले आणि त्याचं बिल पुस्तिकेत ठेवलं. मूळ सायलेन्सर माळ्यावर पोत्यात होता. तो आम्ही दोघांनी एका रविवारी परत चढवला. बोल्ट हलेना, तेव्हा मी गोठ्यात गेलो. राजदूत तिथंच उभी आहे, चौकटीला कॅनच्या खुणा अजून आहेत. तिच्या टूलबॉक्समधला आण्णांचा 12-13 चा पाना आणला, आणि तो बरोबर बसला.