आधी हरकत, मग सूचना

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, कोर्टाच्या आणि बँकेच्या जाहिरातींच्या मध्ये, बारीक टाइपात एक चौकट असते. महाराष्ट्रात तिच्यात ‘हरकती व सूचना’ मागवलेल्या असतात. आपल्या बेळगावात तीच चौकट कन्नडमधून ‘आक्षेपणे मत्तु सलहे’ मागते आणि मध्य प्रदेशात हिंदीतून ‘आपत्ति एवं सुझाव’. (कन्नडमधला ‘सलहे’ म्हणजे आपला सल्लाच.) भाषा तीन, पण क्रम एकच. माणूस बोलायला आला की आधी ‘नाही’च म्हणणार, हे सरकारने जणू गृहीत धरले आहे! शाळा मराठी माध्यमातली आणि गल्ली कन्नड, त्यामुळे दोन्ही भाषांतल्या नोटिसा वाचून मला या क्रमाची गंमत वाटत असे. गेल्या मे महिन्यात उज्जैनला मावशीकडे राहिलो, तेव्हा त्याचा थोडा अर्थ कळला.

उज्जैन मराठी माणसाला परके नाही. राणोजी शिंद्यांची राजधानी तिथे होती. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, आणि शहरातले गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधले. मावशीचे सासर असेच कित्येक पिढ्या तिकडचे. घरात मराठी, पण तिच्यात हिंदी अशी मिसळलेली, की दुधात साखर म्हणावी की पोह्यांत शेव, असा प्रश्न पडावा.

मावशीच्या कॉलनीत एक सार्वजनिक बाग आहे. सहा-सात जुने कडुनिंब, त्यांखाली सिमेंटची बाके, आणि मधोमध बंद पडलेले कारंजे. कारंज्याचे गोल, कोरडे टाके गुळगुळीत घोटलेले. तिथे संध्याकाळी मुले चाकांचे बूट घालून फिरतात. एकाकडे स्केटबोर्डही आहे. माझी बारा वर्षांची मावसबहीण त्यांच्यातलीच. टाक्यात गर्दी झाली की ही मुले रस्त्यावर उतरतात, आणि ई-रिक्षा, मोटारसायकली व गाई यांच्यामधून वाट काढतात. म्हणून काही पालकांनी कल्पना मांडली की कारंजे काढून बागेच्या त्या भागात स्केटिंगची नीट जागा करावी. पार्षदांकडे अर्ज द्यायचा आणि सोबत रहिवाशांचे मत जोडायचे असे ठरले. रविवारी बैठक बोलावली. मावशी म्हणाली, “तू कॉमर्सचा ना रे? अक्षर बरं आहे तुझं. बस लिहायला.” पाहुणा कोणाच्याच बाजूचा नसतो, हेही कारण असावे.

बैठकीला तेवीस जण आले. त्यांत बायका चार, आणि बूट घालून फिरणारे मूल एकही नाही. रात्री साडेआठची वेळ मुलांची नव्हेच. सगळा वेळ हरकतींतच गेला. आवाज होईल. बाहेरची पोरे येतील. म्हाताऱ्यांना धक्का लागेल. झाडे तुटतील. एक काका म्हणाले, “हा काय आपला खेळ आहे?” शेवटी हात वर झाले आणि बहुमत ‘नको’ असे पडले.

घरी येऊन मी वही पाहिली, आणि आमच्या अकाउंटन्सीच्या सरांचे वाक्य आठवले : एका बाजूची नोंद म्हणजे हिशेब नव्हे. प्रत्येक नावेला कुठेतरी जमा असलीच पाहिजे. माझ्या वहीत नुसती एकच बाजू होती. बागेचे खरे खातेदार त्या बैठकीत होते कुठे? मावशीला तसे म्हणालो. ती म्हणाली, “मग त्यांना जाऊन विचार. ते काही तुझ्याकडे येणार नाहीत.”

पुढचे सहा दिवस मी वेगवेगळ्या वेळी बागेत जाऊन बसलो. पहाटे फिरणारे आजोबा. अकरा वाजता पाटी उतरवून सावलीत टेकणाऱ्या भाजीवाल्या. दुपारी स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन येणारी मुले. घरी पंखा आहे, पण एकांत नाही. चार वाजता बाकांवर आज्या, आणि सहानंतर चाके. एकच बाग, पण दिवसातून पाच वेळा तिचे मालक बदलत होते. त्यांतले बहुतेक एकमेकांना ओळखतही नव्हते.

विचारल्यावर हरकतींचेही रूप बदलले. ‘आवाज होईल’ म्हणणाऱ्या आजोबांना चाकांचा आवाज नको होता असे नाही. त्यांना भीती होती की चार वर्षांपूर्वी हाड मोडल्यापासून ते ज्या बाकावर बसतात, ते बाक जाईल. भाजीवालीने एवढेच विचारले, “झाड तो नहीं काटोगे ना, भैया?” आणि बहिणीच्या मैत्रिणींना उतार, कठडे, वळणे यांतले काहीच आधी नको होते. त्यांना दिवा हवा होता आणि आईला बसायला जागा. अंधार पडला की मुलांचा खेळ चालू राहतो आणि मुलींना घरी बोलावतात. बहीण म्हणाली, “दादा, आई बसली असेल तर मला अजून अर्धा तास मिळतो.” त्या अर्ध्या तासाचा उल्लेख बैठकीत कोणी केला नव्हता.

‘आपला खेळ’ या हरकतीवर मात्र मी बराच विचार केला. उज्जैन मल्लखांबासाठी नावाजलेले आहे. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ केले, आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. हा मल्लखांब दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुढे आणला. म्हणजे माळव्याच्या मातीत तोही कधीतरी पाहुणा म्हणूनच रोवला गेला असणार. आमच्या बेळगावच्या मुलांनी मोटारींच्या पोटाखालून चाकांवर सरपटत जाण्याचे विक्रम केले, तेव्हा हा खेळ कोणाचा, असे कोणी विचारले नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत भारताच्या मुलांनी आणि मुलींनी रोलर स्केटिंगच्या रिलेत प्रत्येकी कांस्यपदक मिळवले.

उदाहरण मध्य प्रदेशातच आहे. पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली सिमेंटचे स्केट पार्क उभे केले. तिथले नियम दोनच : शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. त्याच गावची आशा गोंड २०१८ साली चीनमधल्या जागतिक स्पर्धेत उतरली. मला यात पदकापेक्षा दुसरा नियम मोठा वाटतो. सिमेंट कोणीही ओततो. पहिली पाळी कोणाची, हे आधी ठरवावे लागते.

हरकत म्हणजे नुसता अडथळा नव्हे, हेही खरे. लंडनला थेम्सच्या काठी साउथबँकच्या इमारतीखाली १९७० च्या दशकापासून मुले स्केटिंग करीत आली आहेत. २०१३ मध्ये त्या जागी दुकाने आणायचा बेत झाला, तेव्हा सत्तावीस हजारांवर हरकती दाखल झाल्या आणि २०१४ मध्ये जागा मुलांकडेच राहिली. आपल्याकडेही महाराष्ट्राचा १९६६ चा आणि मध्य प्रदेशाचा १९७३ चा नगररचना कायदा आराखड्यावर लोकांच्या हरकती मागवायला सांगतो. कर्नाटकात तर उद्याने व मोकळ्या जागा राखण्यासाठी १९८५ चा वेगळा कायदा आहे. कायदा दार उघडतो. पण दारापर्यंत कोण पोहोचतो, ते वेळेवर, भाषेवर आणि घरच्या कामांवर अवलंबून राहते.

सहाव्या दिवशी मी वहीची दोन पाने समोरासमोर आखली. डावीकडे ज्याचे काही जाते तो, उजवीकडे ज्याला काही मिळते तो. कडुनिंब आणि बाके हलवायची नाहीत, हे दोन्ही पानांवर आले. कारंज्याचे टाके सोडून दुसरी जागा कोणीच मागत नव्हते. उन्हाळ्यात दुपारी सिमेंट असे तापते की तिथे उभे राहवत नाही. म्हणून अभ्यास करणाऱ्यांची वेळ आणि चाकांची वेळ यांचे भांडण मुळातच नव्हते. पावसाळ्यात पाणी निघायला उतार आणि नळी, दोन दिवे, आयांसाठी एक लांब बाक, एवढीच मागणी उरली. खर्च कोण करणार आणि रोज झाडणार कोण, या दोन ओळी कोऱ्या राहिल्या. त्या मी भरल्या नाहीत. त्या भरण्याचा अधिकार पाहुण्याला नाही.

दुसऱ्या बैठकीला मी नव्हतो, गाडीचे तिकीट आधीच काढलेले होते. मावशीने फोनवर सांगितले की वही वाचून दाखवली. काही जण अजूनही नकोच म्हणतात, पण अर्जासोबत दोन्ही पाने गेली आहेत. ‘हा काय आपला खेळ’ म्हणणाऱ्या काकांनी दिव्यांच्या ओळीखाली सही केली, त्यांनाही नात आहे. अर्जाचे उत्तर अद्याप यायचे आहे.

आता मला त्या क्रमाची गंमत वाटत नाही. हरकत आधी येते, कारण माणूस आधी आपले जे आहे ते जपतो. ती नीट ऐकून घेतली, तर बहुतेक वेळा तिच्या पोटातच सूचना सापडते. मात्र ती ऐकायला कोणीतरी बाकापर्यंत चालत जावे लागते. कन्नड विभागातल्या मित्रांनाही हेच सांगेन : त्या बारीक टाइपाच्या चौकटीत शेवटच्या ओळीत मुदत दिलेली असते. ती संपण्याआधी आपल्या घरात ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांना एकदा विचारून घ्यावे, त्यांच्या भाषेत.