कऱ्हेचा शोध

हरवलेली वस्तू शोधण्याच्या माणसांच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. कोणी सारे घर डोक्यावर घेतो, तर कोणी एका जागी बसून ‘शेवटी कुठे बरे पाहिली होती?’ असे पुटपुटत राहतो. संगणकाची तऱ्हा मात्र या दोहोंहून वेगळी. तो जपमाळ ओढल्यासारखा मजकुरातून पुढे सरकतो. कंटाळत नाही, आणि तर्कही करीत नाही!

माझ्या पुतणीने मला यंदा पायथन नावाची संगणकाची भाषा थोडीफार शिकविली. (हे नाव अजगरावरून आलेले नाही. १९९१ साली ही भाषा जगापुढे आणणारे डच गृहस्थ गिडो व्हान रॉसम यांनी ते ‘माँटी पायथन’ या विनोदी नटमंडळींवरून घेतले.) या भाषेत मजकुराला ‘स्ट्रिंग’ म्हणतात; म्हणजे दोरा, आणि त्यात ओवलेली अक्षरे. शोधायचे असले की ‘फाइंड’ असा हुकूम सोडायचा. सापडले तर कितव्या मण्यावर ते कळते. न सापडले तर उत्तर येते उणे एक. शून्य का नाही, तर मोजणीच शून्यापासून. पहिल्या मण्यालाच शून्य हा क्रमांक दिलेला!

‘आराम’मध्ये ‘राम’ शोधला, उत्तर एक. ‘विराम’मध्ये शोधला, उत्तर दोन! आपल्याला ‘वि’ हे एकच अक्षर दिसते. त्याच्या लेखी ‘व’ निराळा आणि वेलांटी निराळी. हाताने आपण वेलांटी आधी काढली तरी तो ती ‘व’नंतरच ओवणार. ‘क्षमा’मध्ये त्याला ‘क’ही सापडतो, कारण ‘क्ष’ म्हणजे क, पाय मोडल्याची खूण आणि ष असे तीन मणी. जोडाक्षरे फोडून दाखविणारे आमचे गुरुजी हे पाहून खूष झाले असते.

पण या वयात मी हे शिकलो ते गुरुजींसाठी नव्हे, आत्यासाठी. माझे वडील सोळाव्या वर्षी सासवड सोडून मुंबईला आले. आत्या आता नव्वदीला टेकली आहे, आणि तिची एकच तक्रार मी जन्मभर ऐकत आलो. “दादा मुंबईकर झाला तो झालाच. कऱ्हेचं नावसुद्धा पुन्हा काढलं नाही त्यानं.” कऱ्हा म्हणजे आमची नदी, आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राच्या नावात आहे तीच.

वडिलांनी आईला नि आम्हां मुलांना लिहिलेली पत्रे जपून ठेवलेली होती. ती एकूण १८६. निम्मी पुतणीने टंकली, निम्मी एका दुकानातून टंकून आणली. मी ‘कऱ्ह’ एवढाच तुकडा शोधायला दिला, म्हणजे ‘कऱ्हेला’, ‘कऱ्हेच्या’ ही रूपेही हाती लागावीत. पुतणीच्या पत्रांत चार ठिकाणी नदी सापडली. दुकानातल्या पत्रांत मात्र ओळीने उणे एक, उणे एक! आणि त्यांतलेच एक पत्र उघडून पाहतो, तो दुसऱ्याच ओळीत कऱ्हा उभी.

“काका, तुम्हांला दिसतंय ते एकच आहे, पण आतले मणी वेगळे आहेत,” पुतणी म्हणाली. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. आपल्या ‘र’चा २३५२, आणि ‘ऱ’चा त्याला लागूनच, २३५३. पुतणीने २३५३ वापरला होता. दुकानदाराने साधा ‘र’ घेतला, त्याचा पाय मोडला आणि पुढे ८२०५ क्रमांकाचा एक सांधा बसविला. हा सांधा डोळ्यांना दिसत नाही, पण मोजणीत येतो. पडद्यावर दोन्हींचा अर्धा र तसाच. ‘र’खाली नुक्ता देऊनही ‘ऱ’ होतो, ती तिसरीच परी. नुक्त्याची जोडी एकरूप करण्याची सोय पायथनमध्ये तयार आहे, पण हा अदृश्य सांधा तिला जुमानत नाही. तो हुडकून बदलण्याचा हुकूम आपणच द्यावा लागतो. साऱ्या पत्रांना एकच ‘ऱ’ बसवून आम्ही पुन्हा शोध लावला.

नदी एकतीस ठिकाणी निघाली. बहुतेक सगळी पत्रे आषाढातली आणि वाक्यही जवळजवळ तेच: कऱ्हेला पाणी आले असेल.

मी आत्याला फोन लावला आणि तारखांसकट एकेक वाचून दाखविले. नवव्या-दहाव्या पत्राशी पलीकडून हुंकार येईनासा झाला. मी थांबलो.

“वाच, वाच,” ती म्हणाली. मग जरा वेळाने घसा साफ करून, “आलं असेल, आलं असेल, काय म्हणतोय सारखं? एक एसटी पकडून बघायला यायचं होतं ना!”